पल्लवीची डावी बाजू

पहिल्याच वळणावर माझा हात शर्वरीच्या कानावर बसला. तिच्या कानातला मोती उडून सीडी प्लेअरच्या मागे गेला आणि मंजिरीताईंनी टाळी वाजवून सगळ्यांना थांबवलं.

"होतं असं," त्या म्हणाल्या. "प्रवासातून आली आहे ती. चला, पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा सुरू झालं. गटातल्या बाकीच्या चौघी उजवीकडे गेल्या आणि मी डावीकडे. शर्वरी आता सावध होती. तिने मान खाली घेतली आणि माझा हात तिच्या डोक्यावरून गेला.

"हर्षला, उजवीकडे."

"हो ताई."

तिसऱ्या वेळी मी ठरवून उजवा हात उचलला. हात गेला उजवीकडे, पण पाय डावाच पडला आणि मी स्वतःच्याच पायात अडकून खाली बसले. कोणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. पुण्याच्या माणसांची सभ्यता अशा वेळी फार लागते.

मी भुसावळहून रात्रभर रेल्वेत बसून आले होते ती एकटीने नाचायचा कंटाळा आला म्हणून. हे सरळ सांगून टाकलेलं बरं. ओडिसी नाचणारी मी आमच्या अख्ख्या जिल्ह्यात एकटी. कथकचे क्लास होते, भरतनाट्यमचे होते, आणि लग्नाच्या हळदीत नाचायला शिकवणारे तर गल्लोगल्ली होते. मी कुठे नाचले की लोक कौतुकाने विचारत, "भरतनाट्यमच ना हे?" आणि मी नाही म्हटलं की त्यांना मी आगाऊ वाटे. युवक महोत्सवात परीक्षकांनी मला प्रसन्न चेहऱ्याचे गुण दिले, कारण बाकी कशाला काय द्यायचं ते त्यांना समजलंच नव्हतं. ओडिसीत डोक्यावर पांढरा मुकुट बांधतात, त्याची मागची गाठ स्वतःची स्वतःला बांधता येत नाही. माझी गाठ आई बांधायची आणि दर वेळी ती वाकडी असायची. सव्विसाव्या वर्षी मला आयुष्यात एवढंच हवं होतं की ही गाठ बांधणारी कोणीतरी असावी, जिला ती कशी बांधतात ते माहीत आहे.

आणि मग मंजिरी गद्र्यांचा फोन आला. पुण्यात एक मोठा महोत्सव होता, एकाच मंचावर नऊ नृत्यशैली. त्यांच्या ओडिसीच्या गटातल्या पाचजणींपैकी एकीचा गुडघा ऐन वेळी गेला होता. त्यांना कोणाकडून तरी कळलं होतं की भुसावळला एक मुलगी आहे आणि तिला हीच पल्लवी येते. पल्लवी म्हणजे गोष्ट नसलेलं नाचणं, एक राग घेऊन अंग हळूहळू उमलवत न्यायचं. त्यांनी फोनवर पल्लवीचे बोल म्हटले, मी पुढचे म्हटले, असं करत आम्ही शेवटपर्यंत गेलो. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

"अगं, तुझ्या गुरू आणि माझे गुरू एकाच घरातले दिसतात," त्या आनंदाने म्हणाल्या होत्या. "आदल्या दिवशी आलीस तरी पुरे. आणि नीट जमलं ना, तर आमच्यातच ये कायमची. राहायचं बघू आपण."

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी आले होते. बोल तंतोतंत जुळले होते. पण बोलांना डावं-उजवं नसतं, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

"तू एकटी करून दाखव बरं," मंजिरीताई आता म्हणाल्या. "पूर्ण."

तालीम एका शाळेच्या सभागृहात चालली होती. चौघी भिंतीला टेकून बसल्या. दारात दुसऱ्या गटाची माणसं आमची वेळ संपायची वाट बघत उभी होती, सैल विजारी आणि उलट्या टोप्या घातलेली. मी नाचले. एकटीने नाचायची सवय होती, त्यामुळे छान नाचले. मला आठवतंय, शेवटच्या द्रुत भागात तर मी त्या सगळ्यांना विसरूनच गेले होते.

संपल्यावर मंजिरीताईंनी सीडी प्लेअर बंद केला. मग म्हणाल्या, "एकही चूक नाही."

मला हायसं वाटलं.

"एकही चूक नाही आणि सगळं उलटं आहे. पहिल्या नजरेपासून शेवटच्या पावलापर्यंत. जिथे उजवं तिथे डावं. अगं, चूक असती तर कुठेतरी चुकून बरोबर आलं असतं. कुठे शिकलीस हे?"

"साहू काकूंकडे. आमच्या रेल्वे कॉलनीत."

"त्या तुझ्यासमोर उभ्या राहून शिकवायच्या का?"

"हो."

"मग आरशातल्यासारखं उचललंस तू. पण हे त्यांच्या लक्षात कसं येणार नाही?" त्या जणू स्वतःलाच विचारत होत्या. "लहान मुलाच्याही लक्षात येईल."

दारातला एकजण आत आला. त्याचं मंचावरचं नाव जॅकी होतं. खरं नाव जनार्दन गांगुर्डे, नाशिकचा, हे मला नंतर कळलं. तो म्हणाला, "मॅडम, उलटंच ठेवा ना. काय भारी दिसत होतं! चार एकीकडे, एक एकीकडे. आमच्याकडे तर जो वेगळा करतो तोच जिंकतो."

"आमच्याकडे तो घरी जातो," मंजिरीताई म्हणाल्या. त्या चेष्टेने म्हणाल्या होत्या, पण म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"उद्या तुला उभं नाही करता येणार, हर्षला. चौघीच करतील. पण तुझं अंग फार तयार आहे, ते मला सोडवत नाही. सहा महिने इथे राहा. मी तुझी बाजू बदलून देते. मग तू आमची."

"आणि हे? डावीकडचं?"

"ते जाईल. एकाच रचनेच्या दोन्ही बाजू एका अंगात राहिलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत. विचार कर. उद्या कार्यक्रम संपल्यावर सांग मला."

शाळेच्या मैदानात नळाजवळ एक ओटा होता. तिथे बसून मी कटकला फोन लावला.

साहू काकूंचे यजमान रेल्वेत होते. बदली होऊन ते ओडिशातून भुसावळला आले, तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमच्या क्वार्टरला लागूनच त्यांचं क्वार्टर होतं. काकू मराठी शिकल्या त्या बाजारात, भाजी घेता घेता, आणि त्यांच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी होतं. त्या स्वतःसुद्धा. त्यांचे यजमान रिटायर झाले आणि दोघं परत कटकला गेली, तोवर त्यांना जेवढं येत होतं तेवढं सगळं त्यांनी मला शिकवलं. इतर सगळं त्या माझ्या शेजारी उभ्या राहून शिकवत. फक्त पल्लवी समोरासमोर. आणि पल्लवीच्या वेळी त्या नुसत्या सांगत नसत, माझ्याबरोबर पूर्ण नाचत. इतर नाच शिकवून झाले की सोडून देत. पल्लवी मात्र रोज. दुपारी भांडी आवरून झाली की भिंतीवर टकटक करायच्या, मी पलीकडून धावत जायची.

"कोण? हर्षला? पल्लवी झाला?" काकूंनी विचारलं.

"काकू, पल्लवी तुम्ही मला उलटी शिकवली का?"

फोन कटला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"कोण बोलला तुला?"

"बोलायचं काय त्यात? मी चौघींच्या मध्ये उभी राहिले. सगळ्या उजवीकडे गेल्या."

"आणि तू डावा."

"हो."

"शेवटपर्यंत डावा?"

"शेवटपर्यंत."

"एक पण चूक नाही?"

"नाही म्हणतात."

आणि काकू हसल्या. अगदी मनापासून, लाडकं पोर वर्गात पहिलं आल्यावर हसतात तशा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हसताय काय, काकू? माझी जागा गेली इथली. सोळा वर्षं मी उलटं नाचतेय आणि तुम्ही एकदा पण बोलला नाहीत. मला वाटलं तुम्हाला कळलं नसेल. तुम्हाला कळत होतं?"

"रोज कळत होता."

"मग?"

"ते चूक नाही बेटा. ते कुनीचा आहे."

कुनी कोण, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगायला सुरुवात केली, थांबत थांबत. कुनी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. दोघी एकत्र शिकल्या. गुरुजींनी ती पल्लवी दोघींसाठी जोडीने बसवली होती. थोरली उजवीकडून, धाकटी डावीकडून, एकमेकींच्या समोर. कटकमध्ये लोक त्यांना नावाने ओळखत नसत, जोडी म्हणूनच ओळखत. एकीला बाजारात एकटी पाहिली तर विचारत, अर्धी कुठे आहे?

"मग लग्न झाला तिचा. सासरी बोलले, घुंगरू नको. तिनी भांडण पण नाही केला. मी भुसावळ आलो. तिकडे ऊन, आणि कोणी नाही. साहू ड्युटीवर. मी स्वयंपाकघरात माझा अर्धा नाचत होतो. समोर शेगडी. मग एक दिवस तू दारात येऊन उभा राहिला."

मला तो दिवस आठवत होता. मी वाटीभर साखर मागायला गेले होते.

"मी बोललो, ये, शिकवतो. समोर उभा राहिलो. उजवा हात केला. तू डावा केला. तसाच डावा, जसा कुनी करायचा. मला बोलायला पाहिजे होता, नाही बेटा, उजवा कर. तोंडापर्यंत आला. नाही बोललो."

"का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू बरोबर केला असता."

मला राग आला होता आणि तो खरा होता. माझ्या नाचाचं त्यांनी वाटोळं केलं होतं, तेही जाणूनबुजून, स्वतःसाठी. पण रागाच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती मला जास्त जाचत होती. सोळा वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की मी एकटीने नाचते. तसं नव्हतंच. भिंतीवर टकटक झाल्यापासून चहा उकळेपर्यंत, त्या सगळ्या दुपारी आम्ही दोघी नाचत होतो. मला वाटत होतं मी शिकतेय.

"ती बाई काय बोलला?" काकूंनी विचारलं. "जा बोलला?"

"सहा महिने राहा म्हणाल्या. बाजू बदलून देते म्हणाल्या. पण मग डावं राहणार नाही."

"नाही राहणार," काकू म्हणाल्या. त्यांना हे माहीत होतं. "राहा तिकडे. सोडून दे कुनीचा."

"काकू, पण मग तुमच्या..."

"एकटा नाचू नको, बेटा. मी नाचलोय. आता ठेव फोन, बिल येईल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी प्रेक्षकांत बसले. नऊ शैलींचा तो महोत्सव खरंच देखणा होता आणि मला त्यातलं काही म्हणता काही गोड लागत नव्हतं. कथकवाल्या बाईंनी सम गाठली की लोक "क्या बात है" म्हणत. कुचिपुडीची मुलगी पितळी थाळीच्या काठावर उभी राहून मंचभर सरकत गेली. मोहिनीअट्टमच्या पांढऱ्याशुभ्र साड्यांतल्या बायका इतक्या सावकाश डुलल्या की माझ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांना डुलकी लागली आणि लावणीच्या पहिल्या ठेक्याला ते खडबडून जागे झाले. छाऊवाले मुखवटे घालून उड्या मारून गेले. जॅकीच्या पोरांनी डोक्यावर गरागरा फिरून दाखवलं आणि सगळ्यात जास्त शिट्ट्या त्यांनी घेतल्या. एवढे निरनिराळे नाच, पण प्रत्येकाचं कोणी ना कोणी विंगेत उभं होतं. पदर सारखा करणारं, पाण्याची बाटली धरणारं, उतरल्यावर पाठीवर हात ठेवणारं. मी नाच कमी आणि विंगच जास्त बघत होते.

मग ओडिसी आलं. चौघी त्रिभंगात उभ्या राहिल्या, मान, कंबर आणि गुडघा तीन ठिकाणी वळवून. पाचव्या जागेची पोकळी मंजिरीताईंनी इतक्या सफाईने झाकली होती की कोणाला कळलं नसतं. पल्लवी सुरू झाली. त्या उजवीकडे वळल्या आणि खुर्चीत माझा डावा खांदा आपोआप वळला.

"बाई, जरा नीट बसा ना," शेजारचे गृहस्थ म्हणाले.

मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि शेवटपर्यंत तशीच बसले. मग विंगेत जाऊन मंजिरीताईंना म्हटलं, "मी राहते."

बाजू बदलताना त्यांनी माझा डावा हात ओढणीने कमरेला बांधून ठेवला होता. पहिले काही आठवडे मी नाचले की धडपडायची आणि रात्री स्वप्नात मात्र डावीकडूनच नाचायची. हळूहळू स्वप्नातलंही गेलं. सहा महिन्यांनी मी गटात उभी राहिले. पुढे किती गावं, किती मंच झाले. माझ्या मुकुटाची गाठ शर्वरी बांधायची, मी तिची बांधायची, आणि ती कधी वाकडी आली नाही. आम्ही एका डब्यातून जेवलो, एकमेकींच्या आजारपणात उशाशी बसलो. मला जे हवं होतं ते मिळालं, आणि त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. फक्त एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती. गटात नाचताना सगळ्याजणी प्रेक्षकांकडे बघतात. शेजारचीच्या श्वासावरून ती कुठे आहे ते कळतं, पण तिचा चेहरा दिसत नाही. पाचजणींत उभी असूनही मंचावर मला समोर कोणीतरी असावंसं वाटायचं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

तीन वर्षांनी आमचा कार्यक्रम कटकला झाला. दुपारी मी काकूंकडे गेले. यजमान त्याच हिवाळ्यात गेले होते, कटकलाच आजोळी वाढलेला त्यांचा मुलगा कामावर. काकू वाळल्या होत्या, पण दारातच त्यांनी माझे गाल दोन्ही हातांत धरले. कुनीही गेली होती, आदल्या वर्षी. हे त्यांनी खायला वाढताना सांगितलं, साखर संपली आहे म्हणावं तसं.

जेवण झालं. काकूंनी स्वतः खुर्ची सरकवून मधली जागा मोकळी केली.

"काकू, गुडघे दुखतात ना तुमचे?"

"थोडा करू. उभा राहा."

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. इतक्या वर्षांनी तो चेहरा नाचायच्या अंतरावर होता. त्यांनी हळू आवाजात बोल म्हणायला सुरुवात केली. नजर वळवली, मान वळवली आणि उजवा हात उचलला.

माझाही उजवा उचलला गेला.

त्या एका भिंतीकडे वळल्या आणि मी दुसऱ्या. मी जिवाच्या आकांताने डावं शोधलं. इथे नाही तर कुठे सापडायचं? पण अंगात ते उरलंच नव्हतं. मंजिरीताईंनी काम अगदी चोख केलं होतं. काकूंचे बोल थांबले. त्यांचा हात अजून वर होता. त्या हाताच्या समोर जिथे माझा हात असायला हवा होता, तिथे त्या बघत होत्या.

मग त्यांनी हात खाली घेतला.

"छान झाला," त्या म्हणाल्या. "बरोबर झाला आता. बाई चांगला शिकवला."

"काकू..."

त्यांनी खुर्ची पुन्हा जागेवर ओढली, तिच्यात बसल्या आणि पदराने कपाळ पुसलं. मला शेजारच्या वेताच्या बैठ्या मोड्यावर बसायची खूण केली. आम्ही दोघी उघड्या दारातून रस्त्याकडे बघत बसलो.

"भुसावळला ऊन तेवढाच आहे का?" त्यांनी विचारलं.

"तेवढंच आहे, काकू," मी म्हटलं.